अभिप्रायासाठी मसुदा

राजीव खुरानाने तो रंगीत कागद टेबलावर आणून ठेवला तेव्हा चित्रलेखा एका मुलीच्या एकाहत्तर टक्क्यांकडे बघत बसली होती. हजेरी ऐंशीच्या खाली गेली की इमिग्रेशनला कळवायचं, हा सरकारचा नियम. आणि कळवायचं की नाही ते आधी राजीवला विचारायचं, हा कॉलेजचा. कॉलेज म्हणजे पॅरामॅटा स्टेशनपासून चार मिनिटांवर, गालिच्यांच्या दुकानावरचे दोन मजले. पहिल्यावर स्वयंपाक, दुसऱ्यावर केस कापणं. दोन हजार आठ साल होतं. कुकरीचा डिप्लोमा केला की पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळते ही बातमी जालंधरपासून जालन्यापर्यंत पोचली होती आणि ज्यांनी घरी कधी स्वतःचा चहासुद्धा करून घेतला नव्हता अशी साडेसहाशे मुलं कांदा पाच प्रकारे कसा चिरायचा ते शिकायला समुद्र ओलांडून आली होती. त्यांच्यावर लक्ष ठेवायला चित्रलेखा. तिच्या कार्डावर 'कम्प्लायन्स अँड वेल्फेअर' असं छापलं होतं. मुलांना पकडायचं आणि पकडल्यावर त्यांची काळजी घ्यायची. याआधी चार वर्षं तिने असंच काम एका अख्ख्या देशासाठी केलं होतं, त्यामुळे मुलाखतीत राजीवने तिला फारसं काही विचारलं नव्हतं.

"तू तो वहीं थी ना?" राजीव म्हणाला. "देख, तेरे देश का मिनिस्टर आ रहा है. थर्सडे को."

"माझा देश नाही तो."

"अरे, जहाँ तू शांती-वांती करती थी. डेप्युटी एज्युकेशन मिनिस्टर है. दोसौ बच्चे भेजेगा, गव्हर्नमेंट स्कॉलरशिप पे. एमओयू साइन करेंगे, फोटो-वोटो. तू वेलकम स्पीच देगी, और विटनेस में साइन भी तू ही करेगी. अच्छा लगेगा उसको, कोई अपना मिला."

कागदावर एका माणसाचा फोटो होता. करडा सूट, बिनफ्रेमचा चष्मा, पोटावर अलगद ठेवलेले दोन हात, जणू जेवण झालंय आणि यजमानाचे आभार मानायचे तेवढे राहिलेत. त्या वेळी अंगावर गणवेश असायचा, पण हात असेच ठेवलेले असायचे. कर्नल बेनेडिक्ट. खाली नावाच्या आधी 'हिज एक्सलन्सी' लागलं होतं. चित्रलेखाला स्वतःचं नवल वाटलं. घाबरायला हवं होतं, तसं काहीच झालं नाही. उलट एखाद्या लग्नाच्या निमंत्रणात नको त्या नातेवाइकाचं नाव छापलेलं दिसावं तशी बारीकशी किळस तिला आली, आणि मग लक्षात आलं की मघापासून आपण एकाहत्तरच्या आकड्याला बॉलपेनने इतकं गिरवतोय की कागद फाटलाय.

त्या देशाचं नाव ती कधी घेत नसे. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलंच तर "आफ्रिकेत होते" म्हणायची. विचारणाऱ्याला तेवढंच पुरायचं, पुढचा प्रश्न जेवणाचा असायचा. तिथे खायला काय मिळायचं? सगळं मिळायचं. हेच सांगायला तिला लाज वाटायची. युद्ध संपून दीड वर्ष झालं होतं, लोक कसावाची मुळं उकडून खात होते आणि शांतता मिशनच्या कँटीनमध्ये दर मंगळवारी विमानाने सॅलड यायचं. चाळीस देशांची माणसं पांढऱ्या जीपमधून फिरायची, सगळ्यांच्या जाकिटांवर निळी अक्षरं, सगळ्यांच्या हातात बाटलीबंद पाणी. जीप गावात शिरली की बायका उठून उभ्या राहायच्या. का, तर आधीही जीपच यायच्या, माणसं उचलून न्यायला. पुण्यात कायदा शिकलेली, वकिलीतल्या अशिलांचा आणि तारखांचा कंटाळा आलेली चित्रलेखा मानवी हक्क निरीक्षक म्हणून तिथे गेली तेव्हा पस्तिशीची होती. पहिल्या दिवशी मिशनच्या मुख्याने नव्या लोकांना बसवून सांगितलं होतं, "आपण इथे पाहायला आलोय, करायला नाही. पाहणं हेच करणं आहे." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. तिनेही. पुढे चार वर्षं तिने पाहिलं. पाहायचं, विचारायचं, लिहायचं, वर पाठवायचं. वर ते वाचलं जायचं, त्यातली विशेषणं काढली जायची, आणि ते आणखी वर जायचं. सगळ्यात वर पोचेपर्यंत 'जाळलं'चं 'आगीमुळे नुकसान झाल्याचं दिसतं' झालेलं असायचं. संध्याकाळी हीच माणसं व्हॉलीबॉल खेळायची. तिला त्या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्यावरच ती टिकून होती. आपण यांच्यासारख्या नाही, असं रोज वाटणं ही मोठी चैन असते. कारण ती लिहायची चांगलं. हे सगळे मान्य करायचे. तिच्या अहवालात माणसं जिवंत व्हायची.

केलीव्हिलला घरी तिने जेवताना विषय काढला. शिरीष एका बँकेत आयटीत होता. समोर आलेली प्रत्येक गोष्ट त्याला तक्रारीचं तिकीट वाटायची. उघडायचं, कुणाच्या तरी नावावर टाकायचं, बंद करायचं. वाईट नव्हता. तिच्यामागे एकट्याने मुलीला वाढवलं, सिडनीची नोकरी शोधली, घर शोधलं, आणि ती परत आल्यावर एकही प्रश्न विचारला नाही. न विचारण्याचं तिला आधी कौतुक वाटलं होतं. मग कळलं, याला खरंच काही विचारायचं नाहीये.

"आजारी आहे म्हणून सांग की," तो म्हणाला. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. सिकी टाक."

"आणि तो येऊन जाईल."

"तू असलीस तरी येऊनच जाणार आहे. चित्रा, तू नसताना मंत्री लोक कुठे कुठे जातात याचा हिशेब ठेवतेस का? हा इथे येतोय म्हणून तुला त्रास. उद्या तो मेलबर्नला गेला असता तर तुला पत्ताही नसता."

हे खरं होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाइतका राग दुसऱ्या कुणाचा येत नाही. बारा वर्षांची स्पृहा टेबलाच्या टोकाला पास्त्यातले मटार बाजूला काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ममा, डिड यू सेव्ह पीपल देअर? मिस हार्टली वॉन्ट्स टू नो. फॉर पीस वीक."

"मिस हार्टलीला सांग, आय वॉच्ड."

"वॉच्ड व्हॉट?"

"मटार खा," शिरीष म्हणाला.

तिने पानातलं तसंच ठेवलं आणि उठून सिंकपाशी गेली. खिडकीतून शेजारच्या नव्या घरांची छपरं दिसत होती, सगळी एका रंगाची, सगळ्यांना एकेक इवलंसं झाड. वॉच्ड व्हॉट. नदीचा धक्का. पलीकडे न्यायला एकच तराफा होता, आणि तो येईपर्यंत लोक धक्क्यावर थांबायचे म्हणून तिथे बाजार झाला होता. तिथे ॲडेल साबण विकायला बसायची. पंचेचाळीसची असेल, कदाचित पस्तिशीचीही. तिथल्या बायकांचं वय चेहऱ्यावरून काढता यायचं नाही. नदीच्या वरच्या अंगाला सरकी काढायचा जुना कारखाना होता. युद्धाच्या शेवटच्या महिन्यात कर्नल बेनेडिक्टच्या तुकडीने तिथून तेवीस कामगारांना नेलं. त्यात ॲडेलचा नवरा होता, दीर होता. नेताना पाहिलेली माणसं पुष्कळ होती, पण सगळी त्या वेळी नेमकी दुसरीकडे बघत होती. ॲडेल मात्र बोलली. दोन दिवस मिळून पाच तास. चित्रलेखाच्या दुभाष्याचं नाव एमान्युएल. पन्नाशीचा, भूगोलाचा मास्तर, त्या उकाड्यातही टाय बांधून यायचा. तो वाक्य न् वाक्य सावकाश उलगडून सांगायचा आणि चित्रलेखा लिहून घ्यायची. ॲडेलने एकच प्रश्न उलटा विचारला होता. "हे वाचणार कोण?" चित्रलेखाने सांगितलं, "फक्त आमच्यात राहील." एमान्युएलने ते भाषांतर करण्याआधी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग टायची गाठ सारखी केली आणि भाषांतर केलं.

निवडणुका तीन आठवड्यांवर आल्या होत्या. मुख्याला गोंधळ नको होता. अहवाल प्रसिद्ध करण्याआधी त्याचा मसुदा सर्व संबंधित पक्षांना अभिप्रायासाठी द्यायचा असं ठरलं. त्यालाच समतोल म्हणायचे. अर्थात साक्षीदारांची नावं काढून, नावांच्या जागी अक्षरं घालून. ॲडेलचं 'क' झालं. आणि चित्रलेखाने रात्री जागून नव्हे, चांगलं भर दुपारी, पंख्याखाली बसून, एक वाक्य लिहिलं. साक्षीदार 'क' भाजलेल्या डाव्या हाताने धक्क्यावर साबणाच्या वड्या रचते आणि प्रत्येक वडीबरोबर नेलेल्या माणसाचं एकेक नाव उच्चारते. इंग्रजीत ते अधिक चांगलं जमलं होतं. वाचून तिच्याच अंगावर काटा आला. तिला वाटलं, हे वाचून वरचा एक तरी माणूस खुर्चीत हलेल. एमान्युएलने मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मॅडम, धक्क्यावर साबण विकणारी, डावा हात भाजलेली, एकच बाई आहे."

"नाव कुठे आहे त्यात?"

"नाव नाही."

"मग?"

त्याने मसुदा तिच्यापुढे सरकवला. मास्तर माणूस, उत्तर चुकलं की मुलाला पुन्हा एकदा विचार करायला वेळ द्यायची सवय. चित्रलेखाने विचार केला. खरंच केला, हे ती आजही शपथेवर सांगू शकली असती. पाच मिनिटं तरी केला. आणि वाक्य ठेवलं. कारण ते काढलं असतं तर उरलेला अहवाल इतर सगळ्यांच्या अहवालांसारखा झाला असता, आणि ती इतर सगळ्यांसारखी. मसुदा कर्नलच्या कचेरीत नेऊन देण्याचं काम तिच्याकडेच होतं. त्याने उभं राहून स्वागत केलं, भात आणि मासे खाऊ घातले, पोचपावतीवर सही केली. चौथ्या दिवशी बाजार होता. धक्क्यावर ॲडेलच्या जागी दुसरीच एक तरुण बाई साबण विकत बसली होती. तेच साबण. तिला विचारलं तर तिने नदीकडे बघितलं, मग तराफ्याकडे, आणि म्हणाली की वडी विकत घ्यायची आहे का. एमान्युएल दुसऱ्या दिवशीपासून आला नाही. मिशनने अंतर्गत चौकशी केली. मसुदा आणि बाईचं नाहीसं होणं यांत संबंध प्रस्थापित करता आला नाही, असा निष्कर्ष निघाला. भाषा चांगली म्हणून तो लिहायचं काम चित्रलेखालाच दिलं गेलं, आणि तिने ते केलं. निवडणुका शांततेत पार पडल्या. तिला एक पदक मिळालं, निळी फीत असलेलं. ते केलीव्हिलच्या घरात कुठल्याशा खोक्यात होतं, आणि एवढी वर्षं ती त्या मुख्याचा, व्हॉलीबॉलवाल्यांचा, सॅलडच्या विमानाचा तिटकारा करत आली होती. त्या तिटकाऱ्यात जागा इतकी भरलेली होती की दुसऱ्या कशाला आत शिरायला वावच नव्हता.

गुरुवारी ऑगस्टातला बोचरा वारा सुटला होता. बसमधून उतरून कॉलेजकडे चालताना तिने ठरवलं की भाषण चार ओळींचं करायचं, सही करायची आणि घरी जायचं. शिरीष म्हणतो तसं. तो येऊनच जाणार आहे. वर कुकरीच्या प्रयोगशाळेत राजीवने झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा लावल्या होत्या. स्टीलच्या ओट्यावर पांढरी चादर, तिच्यावर ढोकळा, दोन देशांचे कागदी झेंडे. पैकी एक उलटा लावला होता आणि ते तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. ती तो सरळ करायला गेली नाही. दाराशी मैथिली हातात औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. हीच ती एकाहत्तर टक्केवाली. औरंगाबादची, बावीस वर्षांची, पहाटे चारला एका बेकरीत शिफ्टला जायची आणि मग वर्गात झोपायची. राजीवने तिला सांगितलं होतं, साडी नेसून आरती कर, तेरा अटेंडन्स देख लेंगे. मैत्रिणीची उसनी साडी, तिच्यावर कार्डिगन. चित्रलेखाला ते सगळं बघून हसू येण्याइतपत किळस आली. देश कुठलाही असो, पाहुण्यासमोर उभं करायला एक बाई लागते आणि तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

कर्नल वेळेवर आला. सोबत एक तरुण सचिव, दोन फोन घेतलेला. कर्नलने बूट काढायचे का असं अदबीने विचारलं. मैथिलीने कुंकू लावताना तो एवढा वाकला की तिला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. तिचं नाव विचारलं, नीट उच्चारलं. मग सरळ झाला, बिनफ्रेमच्या चष्म्यातून समोर पाहिलं आणि म्हणाला, "मिस चित्रा."

राजीव खूश झाला. "सी! ही रिमेंबर्स!"

"अशी माणसं विसरत नाहीत," कर्नल म्हणाला. त्याचं इंग्रजी पूर्वीपेक्षा सफाईदार झालं होतं. तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. ते उबदार आणि कोरडे होते. "तुम्ही आमच्याकडे जेवला होतात. नदीचे मासे. तुम्ही काटे फार व्यवस्थित काढत होतात, मी बायकोलाही सांगितलं नंतर. त्या दिवशी तुम्ही तो मसुदा आणला होता. कारखान्याचा."

"हो," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, त्या जुन्या कामाच्या कोरड्या आवाजात, जणू हजेरीपटातली एक जागा रिकामी राहिली आहे: "तुम्ही अभिप्राय दिला नाहीत."

कर्नलच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य उमटलं. "दिला होता की," तो हळुवारपणे म्हणाला. "तुम्हाला पोचला नाही?"

कुणीतरी ढोकळ्याची बशी त्याच्यापुढे धरली. त्याने एक तुकडा घेतला, आभार मानले. "फार छान लिहिता तुम्ही, मिस चित्रा. मी दोनदा वाचला. बाकीचे लोक आकडे लिहितात. तुमचं वाचताना माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. लगेच ओळखता येतो."

इतक्या वर्षांत तिच्या लिखाणाबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, आणि ते आलं म्हणून तिला स्वतःची जी शिसारी आली ती मिशनच्या मुख्याबद्दल कधी आली नव्हती, राजीवबद्दल नाही, समोर ढोकळा खाणाऱ्या या माणसाबद्दलही नाही. तो निदान वाचून उठला होता. ती ज्यांच्यासाठी लिहीत होती त्यांतलं एकही माणूस खुर्चीत हललं नव्हतं. हलला तो एकटा हा. तिचा एकमेव खरा वाचक.

भाषण तिने केलं असावं. टाळ्या झाल्या म्हणजे केलंच. मग राजीव आणि कर्नल चादरीशेजारी बसले, फोल्डर उघडली गेली, कॅमेरे निघाले. दोघांच्या सह्या झाल्या. राजीवने फोल्डर तिच्याकडे सरकवलं, साक्षीदाराच्या रेघेवर बोट ठेवलं. तिने पेन हातात घेतलं. टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"ही सही मी करणार नाही."

"क्या हुआ? पेन नहीं चल रहा?"

"याने तेवीस माणसं मारली," ती इंग्रजीत म्हणाली. मोठ्याने नाही, पण खोलीत सगळीकडे ऐकू जाईल असं. "कारखान्यातून नेऊन. आणि नंतर एक बाई. तिचं नाव ॲडेल."

मागे उभी असलेली मुलं आधी एकमेकांकडे, मग ढोकळ्याकडे बघू लागली. सचिवाने घड्याळात पाहिलं. कर्नलने चष्मा काढून रुमालाने पुसला, आणि त्याचे उघडे डोळे कुणाही दमलेल्या प्रौढ माणसाचे असतात तसेच दिसले. "युद्धाने सगळ्यांनाच त्रास दिला," तो राजीवला म्हणाला. "पाहणाऱ्यांना तर फारच. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो."

"शी इज अंडर स्ट्रेस," राजीव हसत म्हणाला. "ऑडिट चल रहा है ना." मग त्याने मैथिलीला बोलावलं. "इधर आ बेटा. साइन कर. यहाँ. पूरा नाम."

मैथिली तबक ठेवून आली. पदर खोचलेला, बोटाला कुंकू. तिने आधी पेनकडे आणि मग चित्रलेखाकडे पाहिलं आणि मराठीत हळूच विचारलं, "मॅडम, केली तर काही होईल का?"

"नको करूस."

"मला होईल का काही?"

"तुला नाही. पण नको करूस. हा माणूस..."

"ऐकलं मी," मैथिली म्हणाली. ती चिडली नव्हती. तिला झोप अनावर झाली होती. "मॅडम, तुमची पीआर झालीये."

आणि तिने सही केली. लहान मुलीसारखं गोल अक्षर, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चित्रलेखाने तिच्याकडे तुच्छतेने बघायचा प्रयत्न केला. तिला हे आजवर सहज जमत आलेलं. नजर थोडी वर उचलायची की झालं. त्या दिवशी जमलं नाही. त्या पोरीने निदान आपल्याला काय पाहिजे ते स्वच्छ सांगितलं होतं. चित्रलेखाला चार वर्षं काय पाहिजे होतं ते तिने एका वाक्यात लपवून दुसऱ्या बाईच्या हाताला बांधलं होतं. तिने खुर्चीवरचा कोट उचलला. दाराशी राजीव तिच्या दंडाला धरून पुटपुटला, "कल मत आना," आणि ती म्हणाली, "नाही येत."

पुढचं सांगून टाकायचं तर ते थोडंच आहे. कर्नल दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत गेला. दोनशे मुलं आली नाहीत. ती यायच्या आधीच, पुढच्या वर्षी, नियम बदलले, कुकरीवरची पीआर बंद झाली आणि कॉलेजच्या दोन्ही मजल्यांवर गालिच्यांच्या दुकानाने गोदाम केलं. मैथिलीची हजेरी चौऱ्याऐंशी टक्के भरली. ती आता ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला असते, नवरा आहे, एका वृद्धाश्रमात काम करते, दिवाळीला चित्रलेखाला मेसेज पाठवते आणि चित्रलेखा उत्तर देते. शिरीषने तो दिवस ऐकून घेतला आणि पहिल्यांदा एक प्रश्न विचारला: "कशी होती ती बाई?" त्यावर ती रडली, आणि त्याला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने चहा केला. तिने दिलेल्या जबाबावर सात महिन्यांनी पोलिसांचं पत्र आलं की नोंद घेतली आहे, तूर्त पुढे काही करता येणार नाही. दोन वर्षांनी आणखी एक पत्र आलं, हेच शपथेवर पुन्हा सांगाल का, असं विचारणारं. तिने जाऊन सांगितलं. कुणीतरी कुठेतरी अशा लोकांची यादी करत होतं. कर्नलला एका परिषदेसाठी व्हिसा नाकारला गेल्याची चार ओळींची बातमी एकदा तिच्या वाचण्यात आली. कारण दिलं नव्हतं. बस, एवढंच.

पण त्या गुरुवारी हे काहीच तिला ठाऊक नव्हतं. ती स्टेशनवर गेली आणि केलीव्हिलच्या बसऐवजी शहराच्या ट्रेनमध्ये बसली. डब्यात शाळकरी मुलं चिप्स खात होती, एक बाई फोनवर कुणाला तरी "दिस आर्वो, नॉट टुमॉरो" म्हणून, उद्या नाही, आज दुपारीच, असं बजावत होती. ग्रॅनव्हिल, स्ट्रॅथफील्ड, रेडफर्न. नाटक करतेयस, तिने स्वतःला सांगितलं. सकाळी ठरवलं होतं तसं सही करून घरी गेली असतीस तर निदान प्रामाणिक तरी ठरली असतीस. आता पोलिसांत जाणार, तिथेही छान बोलणार, आणि बाहेर आल्यावर आपण इतरांसारख्या नाही असं तुला पुन्हा वाटणार. सेंट्रलला उतरून परत फिरावं असंही मनात आलं. पण पाय चालत राहिले.

पोलीस ठाण्याच्या काउंटरवर तिला अर्धा तास बसवलं. मग एक तरुण कॉन्स्टेबल तिला आतल्या छोट्या खोलीत घेऊन गेला. पंचविशीचा, उन्हाने नाक सोललेला, हातात कॉफीचा कप. असलं प्रकरण त्याने कधी घेतलं नव्हतं, हे त्याने आधीच सांगून टाकलं. तो फक्त उतरवून घेणार, मग पुढे पाठवणार. "नो वरीज, टेक युवर टाइम." तो दोन बोटांनी टाइप करायचा. देशाचं स्पेलिंग त्याने विचारलं. तिने सांगितलं, आणि कितीतरी वर्षांनी ते नाव आपल्या तोंडून बाहेर पडलं हे तिला अक्षरं सांगताना कळलं. कर्नलचं स्पेलिंग. नदीचं. तिने सांगावं आणि त्याने भलत्याच रूपाचं काहीतरी टाइप करावं. 'एका बाईने मला काही गोष्टी सांगितल्या,' असं त्याने लिहिलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवून विचारलं, "इज दॅट ऑलराइट?" काय दरिद्री वाक्य. तिचा हात आपोआप दुरुस्तीला पुढे झाला. काही गोष्टी! पाच तास, तेवीस नावं. तिच्या डोक्यात त्याच्या जागी तीन वाक्यं तयार उभी होती, एकाहून एक सरस. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "असंच राहू दे."

तो पुढे लिहू लागला. कारखाना, तारीख, किती लोक. त्याच्या त्या ठोकळ्यांसारख्या वाक्यांतून ॲडेल कुठेच दिसत नव्हती. हात नाही, साबण नाही, धक्का नाही. कुणालाही ओळखता न येणारी एक बाई. चित्रलेखा ते वाचत राहिली.

"ओके," कॉन्स्टेबल कॉफीचा घोट घेऊन म्हणाला. "ही बाई. तिच्याशी आम्हाला संपर्क साधता येईल का?"

"नाही."

"राहायला दुसरीकडे गेली?"

"नाही. तिला नेलं. ती परत आली नाही."

"ओह. आय अ‍ॅम सॉरी." त्याने तेही टाइप केलं. मग कपाळाला आठी घालून विचारलं, अगदी साधेपणाने, एखाद्या चौकटीत पुढे काय भरायचं ते विचारावं तसं, "पण मग त्यांना ती सापडली कशी?"

"मी सांगितलं," चित्रलेखा म्हणाली. "ती कुठे बसते ते मी त्यांना लिहून दिलं."

त्याची बोटं थांबली. "सॉरी, मॅम?"

ती पुन्हा म्हणाली, या वेळी सावकाश, त्याला टाइप करता येईल अशा बेताने.